पांढरा चहा: ना भाजलेला, ना मळलेला

निरगुडी | सोमवार, रात्री ९:१०

परवा कॉफीच्या धाग्यावर अवांतर सुरू झालं आणि एकाने लिहिलं, "पांढरा चहा म्हणजे खुडायचा आणि वाळवायचा. काहीच करत नाहीत त्याचं, मग एवढे पैसे कशाचे?" तिथे उत्तर टंकायला बसले तर ते मूळ धाग्यापेक्षा लांब व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा संसार.

खुडायचा आणि वाळवायचा, हे खरंच आहे. चिनी लोक स्वतःच अभिमानाने सांगतात की आम्ही हा चहा भाजत नाही आणि मळत नाही. पण कुरडयाही 'नुसत्या वाळवायच्या'च असतात. गच्चीवर वाळवण पसरलेलं असताना ढग आला की घरातल्या चार बायकांची काय पळापळ होते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या 'नुसत्या'ची किंमत माहीत आहे.

आधी मुळातलं. हिरवा, काळा, ऊलाँग, पांढरा, सगळ्यांचं झुडूप एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच चहाच्या पानाचं असतं. त्यातली एन्झाइमं हवेच्या साहाय्याने पानातल्या रसायनांवर काम करू लागतात. हिरव्या चहात पान लवकरच तापल्या कढईत टाकून (जपानात वाफ देऊन) ती एन्झाइमं मारून टाकतात. काळ्यात उलट, पान मळून पेशी फोडतात आणि त्यांना मोकळं रान देतात. पांढऱ्यात दोन्ही नाही. एन्झाइमं मारत नाहीत आणि पेशीही फोडत नाहीत. पान पसरून ठेवायचं आणि ते हळूहळू मलूल होऊ द्यायचं. याला चिनी शब्द आहे 'वेयदियाव'. मला तरी याला 'कोमेजवणं' हाच शब्द बरा वाटतो, कारण वाळवणं ही पुढची पायरी आहे.

हे कोमेजवणं साधारण ३६ ते ७२ तास चालतं. ताज्या पानात पाऊणच्या आसपास पाणीच असतं. ते जात असताना पानातली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं तयार होतात, गवताचा उग्र वास उडतो, कडवटपणा उतरतो, कडांकडून मंद तांबूसपणा चढतो. पाणी फार भराभर गेलं तर पान हिरवंच सुकतं आणि चहाला कच्च्या पाल्याची चव येते. फार रेंगाळलं तर ते लाल-काळं पडतं. म्हणजे तीन दिवस एकच काम: पाण्याचा वेग सांभाळणं. आणि तो वेग हातात नाही, हवेत आहे.

ही हवा कुठली? फुजियान प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यात, झेजियांगच्या सीमेला टेकलेलं फुदिंग. पुढे समुद्र, मागे तायमू डोंगर. तिथले जुने लोक आधी वारा बघतात. उत्तरेचा वारा असेल तर हवा कोरडी, काम सुरू. दक्षिणेचा असेल तर ओल घेऊन येणार, म्हणजे कपाळाला हात. बांबूच्या विणलेल्या मोठ्या गोल चाळण्या असतात, आपल्या रोवळीला सपाट करून चौपट मोठी केली तर जशी दिसेल तशा. त्यांवर कळ्या एकावर एक येणार नाहीत अशा पसरतात. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन देतात, भर दुपारचं टाळतात. आणि हात लावत नाहीत! पान ढवळलं की जिथे दुखावलं तिथे डाग पडतो. सत्तर-ऐंशी टक्के सुकलं की दोन चाळण्यांचा माल एकीत करतात, म्हणजे शेवटचा ओलावा सावकाश जातो. मग कमी आचेवर शेवटची वाळवणी, पूर्वी कोळशाच्या निखाऱ्यावर, आता बहुतेक यंत्रात. साधारण चार-पाच किलो ताज्या मालाचा एक किलो चहा होतो.

प्रकार थोडक्यात. नुसत्या कळीचा 'बायहाव यिनझेन', म्हणजे रुपेरी सुई. कळी आणि एक-दोन पानांचा 'बाय मुदान', म्हणजे पांढरी पेओनी (एक फूल). मोठ्या पानांचा, देठासकटचा 'शौमेय'. आणि जुन्या, बियांपासून वाढलेल्या गावठी झुडपांचा 'गोंगमेय'. पहिले दोन मुख्यतः 'दाबाय' आणि 'दाहाव' जातींच्या झुडपांचे, ज्यांच्या कळ्या जाड आणि पांढऱ्या लवेने भरलेल्या असतात. 'पांढरा' हे नाव त्या लवेवरून. कपातला चहा फिकट पिवळाच असतो.

तर माझं म्हणणं एवढंच की या चहात माणूस कमी हात घालतो, पण नजर सगळ्यात जास्त लावतो. पैसे त्या नजरेचे आहेत. वाद घालायला सगळ्यांना निमंत्रण.

---

आगाऊ_कार्टं | सोमवार, रात्री ९:३२

धागा वाचेपर्यंत माझं कटिंग संपलं आणि दुसरं आलं. ताई, सगळं लिहिलंत, पण लागतो कसा ते कुठाय? मी एकदा एका पाच तारांकित हॉटेलात प्यायलो होतो. कोमट पाण्यात कुणीतरी पुदिन्याची आठवण काढली होती असं वाटलं. (हलके घ्या.)

---

निरगुडी | सोमवार, रात्री ९:५५

@आगाऊ_कार्टं, हलकेच घेतलं, कारण माझाही पहिला कप तसाच गेला होता. दुधाच्या चहावर वाढलेल्या जिभेला पहिल्यांदा काहीच कळत नाही. तिखट जेवणानंतर शहाळं प्यायल्यासारखं होतं.

माझ्या जिभेला रुपेरी सुईत कणसाचं हिरवं आवरण सोलताना येतो तो वास आणि मागाहून उसाच्या रसाचा पुसट गोडवा मिळतो. घोट जरा जाडसर, लवेमुळे. बाय मुदान जास्त फुलांकडे जातो. जुना शौमेय मात्र वेगळंच प्रकरण आहे. चिनी लोक त्याच्या वासाला 'झाओ'चा, म्हणजे त्यांच्या वाळलेल्या लाल बोराचा वास म्हणतात. त्यांचं बोर आणि आपलं बोर सख्खी भावंडंच. मी पहिल्यांदा हुंगला तेव्हा मला थेट शाळेबाहेरचं बोरकूट आठवलं, तिखट-मीठ वजा करून.

---

यिवूकर | सोमवार, रात्री ११:४०

निरगुडीताई, धागा एक नंबर. मी मूळचा इचलकरंजीचा, गेली अकरा वर्षं झेजियांगमध्ये यिवूला. इथे आपले हिंदुस्थानी व्यापारी चिक्कार आहेत, आणि धंद्यात चिनी माणसासमोर बसलं की चहा प्यावाच लागतो. सौदा होवो न होवो, पोटात दोन लिटर जातंच. २०१८ साली मार्चअखेरीला एका ओळखीच्या माणसाबरोबर फुदिंगला गेलो होतो. वनझौला गाडी बदलायची आणि मग किनाऱ्याने खाली. तायमूशान नावाचं स्टेशनच आहे.

आता जे पाहिलं ते सांगतो आणि ताईंच्या चित्राला थोडा धक्का देतो.

एक तर, बांबूच्या चाळण्या आणि कोवळं ऊन हे आहे, पण तेवढंच नाही. मी गेलो तेव्हा चार दिवसांत दोन दिवस पाऊस. वसंतात तिथे असंच असतं. अशा वेळी माल आत जातो. मोठ्या कारखान्यांत लांबच लांब खोल्या, तापमान आणि दमटपणा यंत्रावर, खालून गरम हवा. तिथला माणूस मला म्हणाला, "आभाळाच्या भरवशावर बसलो तर पाचातले दोन लॉट फुकट जातील." काही जण दोन्ही करतात, थोडं ऊन, बाकी आत. त्यामुळे 'पारंपरिक उन्हातला' असं लिहिलेलं प्रत्येक पाकीट उन्हात गेलेलं असतंच असं नाही. आणि खरं सांगू? दोन्ही प्यायलो शेजारी शेजारी. उन्हातल्याचा वास जास्त मोकळा होता, हे खरं. पण खराब हवेतला उन्हाचा चहा आतल्या चांगल्या चहापेक्षा लई वाईट लागला.

दुसरं, खुडणी. रुपेरी सुईच्या खुडणीला तिथे दहा 'नाही' सांगतात. पावसात खुडायचं नाही, दव सुकल्याशिवाय नाही, बारीक कळी नाही, जांभळी नाही, वाऱ्याने दुखावलेली नाही, किडीने खाल्लेली नाही, आतून पोकळ नाही, उमललेली नाही, रोगट नाही, हाताने इजा झालेली नाही. बायका हे न मोजता करतात. माझी ओंजळभर होईपर्यंत शेजारच्या आजीची टोपली अर्धी झालेली. तिने माझ्या ओंजळीतून निम्मा माल उचलून झुडपाखाली टाकला, तोही न बोलता. छिंगमिंगच्या सणाआधीचा, म्हणजे ४-५ एप्रिलच्या आतला माल सगळ्यात महाग. तो दिवस उलटला की भाव उतरायला लागतात, म्हणून मार्चअखेरीला गावं रात्रीसुद्धा झोपत नाहीत. शेतकरी संध्याकाळी माल घेऊन बाजारात येतो, गिऱ्हाईक मूठभर उचलतं, हुंगतं, बोटाने दाबतं आणि भाव सांगतं.

तिसरं, फुदिंग म्हणजे सगळा पांढरा चहा नव्हे. आत डोंगराकडे झेंगहे नावाचा तालुका आहे. (मराठीत झेंगहे लिहितोय, पण चिनी माणसासमोर असा उच्चार करू नका, त्याला काहीही कळणार नाही. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं.) तिथली जात वेगळी, 'झेंगहे दाबाय'. कळी उशिरा फुटते, चहा रंगाने गडद आणि चवीला भरदार. फुदिंगवाले त्याला नावं ठेवतात, ते फुदिंगला. आपल्याकडे कोल्हापूर-पुणे मिसळीवरून चालतं तसं.

---

विसूभाऊ | मंगळवार, सकाळी ७:१५

निरगुडीबाई, लेखन उत्तम, पण तुम्ही या चहाचा भूतकाळ टाळलात, कारण तो गैरसोयीचा आहे. हल्ली जो तो विक्रेता 'हजार वर्षांची परंपरा' सांगतो. जरा पाहू.

चीनच्या सोंग घराण्यातल्या सम्राट हुइझोंगने ११०७ च्या सुमारास चहावर ग्रंथ लिहिला, त्यात 'पांढरा चहा' आहे. पण तो एका दुर्मीळ, फिकट पानाच्या झाडाचा चहा होता, आणि तो वाफवून, दाबून वड्या करून, मग भुकटी घुसळून पीत. आजच्या पांढऱ्या चहाशी नाव सोडून काही संबंध नाही. याच हुइझोंगच्या एका शकाचं, म्हणजे राज्यकाळातल्या एका कालखंडाचं, नाव झेंगहे. १११५ मध्ये एका तालुक्याला त्याने आपल्या शकाचं नाव बहाल केलं, तोच यिवूकरांचा झेंगहे. त्याच्याही आधी, तांग काळातल्या लू यूच्या चहावरच्या ग्रंथात एक उतारा आहे की योंगजिया (आजचं वनझौ) तालुक्याच्या पूर्वेला तीनशे ली (अंतराचं जुनं चिनी माप) अंतरावर पांढऱ्या चहाचा डोंगर आहे. नकाशा काढून बघा, तिथे समुद्र लागतो! म्हणून फुदिंगवाले म्हणतात की 'पूर्व' ही चूक, 'दक्षिण' हवं होतं, आणि दक्षिणेला मोजलं की बरोबर फुदिंगच येतं. केवढी सोय!

आज ज्याला पांढरा चहा म्हणतात त्याची गोष्ट अलीकडची आहे. गावठी झुडपांच्या कळ्यांपासून रुपेरी सुई केल्याचं १७९६ साल सांगतात. जाड कळीच्या दाबाय जातीपासून ती होऊ लागली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बाय मुदान तर १९२० च्या दशकातला. आणि तोही घरच्यांसाठी नव्हे. बराच काळ हा सगळा माल निर्यातीचा, हाँगकाँग, मकाव, आग्नेय आशिया. हाँगकाँगच्या डिमसमच्या (वाफवलेल्या छोट्या खाद्यपदार्थांच्या) उपाहारगृहांत शौमेय हा रोजचा साधा चहा होता, पाहुण्यांसाठीचा नव्हे. त्याच गिऱ्हाइकासाठी १९६८ मध्ये फुदिंगला हलकं मळलेला 'नव्या पद्धतीचा' पांढरा चहा निघाला. म्हणजे तुमचं 'मळत नाहीत' हेही शंभर टक्के खरं नाही.

अवांतर: याच प्रांताच्या किनाऱ्यावरच्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि त्याचा इंग्रजांचा 'टी' झाला. आपण मात्र 'चा'वाले. आमच्या आजोबांचा 'च्या' चिनी उच्चाराला जास्त जवळचा होता, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी आणखी एक कप मागितला असता.

---

निरगुडी | मंगळवार, सकाळी ९:०५

विसूभाऊ, १९६८ चं मान्य. आणि यिवूकर, तुमच्यामुळे माझं वाक्यही बदलते. नजर उन्हातच लागते असं नाही, यंत्राच्या खोलीतही कुणीतरी पानाला हात लावून ठरवतंच की आता पुरे. तरी २०११ मध्ये चीनने फुदिंगच्या या कारागिरीला राष्ट्रीय अमूर्त वारशात घातलं आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत चिनी चहाच्या पारंपरिक पद्धती गेल्या, त्यात हीही आहे. परंपरा तरुण असली म्हणून खोटी होत नाही. आपली साबुदाण्याची खिचडी तरी कुठे ज्ञानेश्वरांच्या काळातली आहे?

---

मळभ | मंगळवार, दुपारी १:२०

माझी जखम उघडी केलीत. मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुन्या पांढऱ्या चहाची चकती मागवली. वेष्टनावर ठळक २००८. किंमत सांगत नाही, घरी अजून माहीत नाही. उघडली तर आत सगळं एकजात गडद तपकिरी, तंबाखूसारखं. गरम पाणी ओतताच दहा सेकंदांत लालभडक. वास ओल्या पोत्याचा आणि थोडा करपल्याचा. बोरकूट वगैरे काही नाही. हे असंच असतं का, की मी फसलो?

---

यिवूकर | मंगळवार, दुपारी २:०५

भावा, फसलास. वाईट वाटून घेऊ नको, इथले चिनी लोकसुद्धा रोज फसतात.

आधी हिशोब कर. इथे म्हण आहे: 'एक वर्षं चहा, तीन वर्षं औषध, सात वर्षं खजिना.' या म्हणीवर बाजार उभा आहे. पण जुना पांढरा चहा मुरवून प्यायची लाट अलीकडची. २००८ च्या आसपास चकत्या दाबून वर्षानुवर्षं ठेवणारे लोक थोडे होते, चकतीचं सरकारी मानकच मुळी २०१५ चं. मग आज बाजारात एवढा २००८ चा माल येतो कुठून?

करतात असं की स्वस्त पानं ओली करून ढीग लावायचे, नाहीतर जास्त तापमानावर भाजायची, की रंग गडद झाला. खरा मुरलेला चहा एकरंगी नसतो. हिरवट, करडी, तपकिरी, विटकरी पानं शेजारी शेजारी दिसतात, कारण प्रत्येक पान आपापल्या गतीने मुरतं. कळीची लव असली तर ती करडी झालेली का होईना, दिसते. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून पितात. रस्सा पहिल्या पाण्याला एकदम गडद होत नाही, तिसऱ्या-चौथ्याला खुलतो. आणि सातव्या-आठव्या पाण्यानंतर भिजलेलं पान उचलून बोटांत धर. खऱ्याचं पान अजून लवचिक असतं, भाजून काळं केलेलं बरेचदा चामड्यासारखं कडक किंवा चुरा.

वेष्टनावरच्या सालाला मान देऊ नको. ओळखीच्या माणसाकडून दोन-तीन वर्षांचा शौमेय घे आणि स्वतःच्या घरी म्हातारा कर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा जुना चहा तोच.

---

भाट्येकर | मंगळवार, दुपारी ४:४८

स्वतःच्या घरी म्हातारा कर म्हणे! अहो, आमचं घर रत्नागिरीत. जून लागला की कपाटातला कातडी पट्टा हिरवा होतो. पांढरा चहा हिरवा व्हायला किती वेळ लागायचा?

---

निरगुडी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

@भाट्येकर, हा खरा प्रश्न. मी पुण्यात आहे, तरी पावसाळ्यात माझाही जीव टांगणीला असतो.

चिनी मानकात पांढऱ्या चहातला ओलावा साडेआठ टक्क्यांच्या आत हवा. बाटलीचं झाकण चार दिवस सैल राहिलं तर कोकणातली हवा तो आकडा सहज ओलांडेल, आणि मग बुरशीच. म्हणून फुदिंगवाले स्वतः मोकळ्या हवेत ठेवत नाहीत. आत ॲल्युमिनियमची पिशवी, तिच्यावर जाड प्लास्टिकची, मग पुठ्ठ्याचं खोकं. प्वेरला (मुरवून पितात तो दुसरा एक चिनी चहा) थोडी दमट हवा चालते असं ऐकून काही जण पांढऱ्यालाही मोकळं ठेवतात, ते करू नका.

मी काय करते: मे महिन्यातच सगळं पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पिशव्यांत बंद करते. पावसाळ्यात फक्त एक पिशवी उघडी. बाकीच्या स्टीलच्या डब्यात, डबा कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्या नसलेल्या. स्वयंपाकघरात अजिबात नाही! चहा वास ओढून घेतो. माझी पहिली रुपेरी सुई गोडा मसाल्याच्या शेजारी होती. त्या चहाला दगडफुलाचा वास येत होता. फ्रीजमध्येही नको, कारण बाहेर काढला की थंड पानावर पाणी धरतं आणि भाजीचा वास लागतो तो वेगळाच.

---

आगाऊ_कार्टं | मंगळवार, संध्याकाळी ६:५२

गोडा मसाला रुपेरी सुई. पुण्यात यालाच कुणीतरी कॅफेत चारशे रुपयांना विकेल.

---

डॉ_पेशंट | मंगळवार, रात्री १०:१५

चर्चा आता 'तीन वर्षं औषध' पर्यंत आली म्हणून मध्ये पडते.

तायमू डोंगराची एक आख्यायिका आहे: गोवराची साथ आली, एका स्त्रीने डोंगरातल्या चहाने मुलं वाचवली आणि ती देवी झाली. फुदिंगमध्ये पोरांना गोवर आला की जुना पांढरा चहा पाजायचा रिवाजही होता. आख्यायिका सुंदर आहे. पण गोवराला लस आहे, तीच द्या.

कर्करोग, चरबी, सुरकुत्या वगैरे दावे बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून उचललेले असतात. माणसाने रोज दोन कप प्यायल्याने काय होतं, ही वेगळी गोष्ट. आवडतो म्हणून प्या, औषध म्हणून नको.

आणि एक मोठा गैरसमज. 'पांढरा चहा म्हणजे कॅफिन कमी' हे चूक आहे. कोवळ्या कळीत कॅफिन भरपूर असतं, पिकल्या पानात कमी. त्यामुळे रात्री रुपेरी सुई पिऊन झोप लागली नाही तर मला फोन करू नका. ज्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी कुठलाही चहा जेवणाबरोबर घेऊ नये, लोह कमी शोषलं जातं. तासभर अंतर ठेवा. हे मी ओपीडीत रोज सांगते आणि बाहेर पडून कॅन्टीनमध्ये पोह्यांबरोबर चहा पिते.

---

कैरी_डाळ | बुधवार, सकाळी ११:००

वाचनखूण साठवली आहे. एक बावळट प्रश्न: माझ्या नणंदेने शांघायहून 'आंजी बायचा' आणला. बायचा म्हणजे पांढरा चहा ना? पण पाकीट हिरवंगार आणि पानंही हिरवी.

---

यिवूकर | बुधवार, सकाळी ११:३५

वहिनी, बावळट अजिबात नाही. नावात बायचा असला तरी तो हिरवा चहा आहे. आंजी आमच्याच झेजियांगमध्ये. तिथल्या झुडपाची कोवळी पानं वसंतात थंडीमुळे पांढुरकी फुटतात, हरितद्रव्य कमी असतं म्हणून. ऊब वाढली की हिरवी होतात. पांढुरकी असतानाच खुडतात, पण पुढे प्रक्रिया हिरव्या चहाची, कढईची उष्णता वगैरे सगळं. अमिनो आम्लं भरपूर, त्यामुळे सूपासारखी गोड चव. विसूभाऊंच्या सोंग सम्राटाचं फिकट पानाचं झाडही असंच काहीतरी असावं, असं इथले लोक म्हणतात.

हा मुरवायला ठेवू नका हां! वर्षाच्या आत संपवा. नणंदबाईंना सांगा, चांगला आणलाय.

---

मळभ | बुधवार, दुपारी १२:१०

बरं, आता फसवणूक बाजूला. करायचा कसा? एक जण म्हणतो ७५ अंश, दुसरा म्हणतो उकळतं. आमच्या घरी थर्मामीटर फक्त तापाचा आहे.

---

निरगुडी | बुधवार, दुपारी १२:४०

रुपेरी सुईला मी उकळी आली की गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबते. काचेचा उंच पेला, दोनशे मिली पाण्याला तीन ग्रॅम, पाच मिनिटं. कळ्या आधी वर तरंगतात, मग एकेक उभी राहून खाली उतरते. ते बघण्यातच पाच मिनिटं जातात. तळाशी तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी घालायचं.

---

यिवूकर | बुधवार, दुपारी १:१५

ताई, इथे माझा विरोध. कमी तापमानाचा सल्ला हिरव्या चहावरून आलाय. पांढऱ्याचं पान मळलेलं नसतं, पेशी शाबूत, वर लवेचं पांघरूण. रस सावकाश सुटतो. फुदिंगमध्ये मला तरी सगळ्यांनी थेट उकळतं पाणीच ओतून पाजला. फक्त वेळ कमी. झाकणाची वाटी असते, गायवान, शंभर-एकशेदहा मिलीची. तिच्यात पाच ग्रॅम. उकळतं पाणी कडेने ओतायचं, कळ्यांच्या डोक्यावर नाही. पहिलं वीस-पंचवीस सेकंद, दुसरं तेवढंच, मग दर वेळी थोडं वाढवत न्यायचं. चांगला माल सात-आठ पाणी सहज देतो. चहा कडू झाला तर समजा माल कच्चा, पाण्याचा दोष नव्हे.

गायवान नसेल तर साधी चिनीमातीची वाटी आणि वर बशी. बोटं भाजतील, पण ती गायवानमध्येही भाजतातच.

आणि शौमेय तर चक्क उकळा! तीन वर्षांपुढचा असेल तर पाच ग्रॅम, सहाशे-सातशे मिली पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. थंडीत आमच्याकडे हीटर कमी आणि शौमेयची किटली जास्त चालते.

---

विसूभाऊ | बुधवार, दुपारी ४:००

म्हणजे शेवटी गाडी पातेल्यात उकळण्यावरच आली. आमच्या हिला दाखवतो.

---

नीलगिरी_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ८:२०

इतका वेळ वाचतोय, कुणी आपल्याकडच्या पांढऱ्या चहाचं नावच काढत नाही. मी कोईमतूरला असतो. नीलगिरीत पांढरा चहा होतो, दार्जिलिंगला होतो, श्रीलंकेत सिल्व्हर टिप्स आहेत. दर वेळी चीनच कशाला?

---

निरगुडी | बुधवार, रात्री ९:००

अगदी बरोबर, आणि मी दार्जिलिंगचा आवडीने पिते. तिथे बऱ्याच बागा एव्ही२ नावाच्या क्लोनपासून करतात. वासाला बिनतोड, फळांकडे आणि रानफुलांकडे झुकणारा. पण चीज वेगळी. फुदिंगच्या दाबायची जाड लव आणि तो घट्टसर घोट तिथे नाही, आणि फुदिंगच्या चहात दार्जिलिंगचा तो उडता वास नाही. चीनच्याच युनान प्रांतातही मोठ्या पानाच्या झाडांपासून 'चांदणं' नावाचा करतात, युएगुआंगबाय, एका बाजूने काळा आणि एका बाजूने पांढरा, दिसायला फार देखणा. फुदिंगवाले त्याला पांढरा मानायला तयार नसतात, पण ते कुणालाच मानत नाहीत.

भारतीय मी वर्षाच्या आत संपवते, मुरवून पाहिलेला नाही. तुमच्याकडे नीलगिरीचा जुना पडलेला असेल तर उकळून बघा आणि इथे लिहा. खरंच उत्सुकता आहे.

---

भाट्येकर | शनिवार, संध्याकाळी ५:३०

अहवाल. मुलगा सिंगापूरला असतो, त्याने दोन वर्षांपूर्वी शौमेयची चकती आणली होती. मी ती 'चिनी पानसुपारी' समजून माळ्यावर टाकली होती. धागा वाचून आज काढली. मूळची पिशवी न फोडलेली, खोकं मात्र एका कोपऱ्यात वाळवीने चाखलेलं. बुरशी नाही. पानं तुम्ही सांगितलीत तशी चार रंगांची.

पातेल्यात उकळला. बायकोने विचारलं, काढा कुणासाठी? मग तीही प्यायली. बोरकूट मला आलं नाही, मला आमसुलाच्या सालीसारखं काहीतरी आणि मागाहून खारकेचं पाणी लागलं. तिला नुसती खारीक. दुसरं पाणी पहिल्यापेक्षा बरं.

एक चूक केली. चौथ्या पाण्याला उरलेल्यात तिने दूध आणि गूळ घातला. निरगुडीताई, रागावू नका. वाईट नव्हता.

---

निरगुडी | शनिवार, संध्याकाळी ६:१०

रागावते कशाला, चौथ्या पाण्यापर्यंत थांबलात हेच पुष्कळ. उरलेली चकती तोडलीत तर चुरा लगेच पिशवीत बंद करा, आणि माळ्यावरून खाली आणा. वाळवी दुसऱ्यांदा चव विसरणार नाही.

---

यिवूकर | शनिवार, रात्री ११:२०

दिवाळीत इचलकरंजीला येतोय. बॅगेत चार चकत्या बसतात. एक मळभभाऊंची, फसवणुकीची भरपाई म्हणून. बाकी तीन कुणाला हव्यात त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वेष्टनावर साल मी स्वतः पेनाने लिहून देतो, आणि ते खरं असेल.